इसार घेऊन मोडलेला सौदा

ओडिशातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१४ सालच्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर एक लॅपटॉप पाहिला. मूळ किंमत २३,४९९ रुपये, तीवर २३,३०९ रुपयांची सूट, आणि देय रक्कम अवघी १९० रुपये. त्याने लागलीच मागणी नोंदविली आणि ती नोंदली गेल्याची पोचही त्याला मिळाली. दोनएक तासांनी कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाकडून दूरध्वनी आला, की किमतीसंबंधी अडचण उद्भवल्यामुळे ही मागणी रद्द करण्यात आली आहे. विद्यार्थ्याला प्रकल्प सादर करावयाचा होता. त्याने दुसरा लॅपटॉप बाजारभावाने विकत घेतला आणि ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने मनस्तापापोटी १० हजार व खर्चापोटी २ हजार रुपये देवविले. ही रक्कम अपुरी आहे म्हणून तो राज्य आयोगाकडे गेला, आणि आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये भरपाई, दंडात्मक रक्कम व खर्च मिळून ४५ हजार रुपये देण्याचा आदेश कंपनीला दिला. मागणी स्वीकारून तिची पोच दिल्यावर करार पूर्ण होतो, मग तो एकतर्फी मोडता येत नाही, असा या आदेशाचा मथितार्थ होता.

हा निकाल ऐकून दोन तऱ्हांची मते व्यक्त होतात. एका पक्षाच्या मते सामान्य माणसाने बलाढ्य कंपनीला वठणीवर आणले, हे उत्तम झाले. दुसरा पक्ष विचारतो, की तेवीस हजारांची वस्तू १९० रुपयांना मिळत नसते, एवढे कायद्याच्या विद्यार्थ्याला समजू नये काय? दुसऱ्याची चूक हेरून तिच्यावर झडप घालणे याला हक्क म्हणावयाचे, की संधिसाधूपणा? मी अर्थशास्त्र शिकवितो. हा प्रश्न वर्गात मांडला, की वर्ग बरोबर मध्यावर दुभंगतो, आणि गंमत अशी की दोन्ही बाजूंचे म्हणणे सकृद्दर्शनी रास्त वाटते. परंतु १९० रुपयांचा लॅपटॉप क्वचितच निघतो आणि म्हणूनच त्याची बातमी होते. एखाद्या कारकुनाने किंवा शिक्षकाने सणाच्या विक्रीत चोवीस हजारांना नोंदविलेले कपडे धुण्याचे यंत्र चार दिवसांनी ‘किंमत चुकीची दर्शविली गेली होती’ एवढ्या एका ओळीनिशी रद्द होते, पैसे परत येतात, आणि ग्राहक हळहळून गप्प बसतो, त्याची बातमी होत नाही. चुका माणसांकडून होतात, यंत्रांकडूनही होतात. झालेल्या चुकीची किंमत कोणी मोजावयाची, हे मात्र ठरवावे लागते. आणि आजघडीला ती मुकाट्याने ग्राहक मोजीत आहे.

मांडलेला माल आणि घेतलेले पैसे

कायद्याची बाजू प्रथम पाहू, कारण तीविषयी गैरसमज फार आहेत. दुकानात भाव लिहून मांडलेली वस्तू त्याच भावाने देणे दुकानदाराला बंधनकारक आहे, असे आपण गृहीत धरतो. करारविषयक कायदा तसे मानीत नाही. ब्रिस्टल येथील एका दुकानदाराने आपल्या काचेच्या खिडकीत खटक्याची सुरी किंमत लिहून ठेवली होती. अशी सुरी विक्रीस देऊ करणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तरीही १९६० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. कारण वस्तू मांडणे म्हणजे ती देऊ करणे नव्हे. गिऱ्हाइकाने येऊन प्रस्ताव करावा यासाठी दिलेले ते निमंत्रण होय. त्यापूर्वी १९५३ मध्ये बूट्स या औषधविक्रेत्या पेढीच्या खटल्यातही हेच तत्त्व प्रस्थापित झाले होते. आपल्याकडील १८७२ चा करार कायदाही प्रस्ताव आणि स्वीकृती या दोन खांबांवरच उभा आहे. तेव्हा संकेतस्थळावरील किंमत हे निमंत्रण, मागणी नोंदविणारा ग्राहक हा प्रस्ताव करणारा, आणि विक्रेता जेव्हा तो स्वीकारील तेव्हा करार, असा हा क्रम आहे.

ग्यानबाची मेख आहे ती ‘जेव्हा’ या शब्दात. कोडॅक कंपनीने इंग्लंडमधील आपल्या संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा व त्याबरोबरचा संच चुकून १०० पौंडांना दाखविला होता. कंपनीने प्रथम नकार दिला; परंतु तिने पाठविलेल्या पोचेतच मागणी स्वीकारल्याचा अर्थ होता, असा आग्रह ग्राहकांनी धरल्यावर जानेवारी २००२ मध्ये तिने माल त्याच किमतीस देण्याचे मान्य केले. अशा प्रसंगांतून कंपन्यांचे कायदेपंडित शहाणे झाले. आता बहुतेक संकेतस्थळांच्या अटींत एक वाक्य हमखास आढळते: मागणी मिळाल्याची पोच म्हणजे स्वीकृती नव्हे, माल रवाना होईल तेव्हाच करार झाला असे समजावे. म्हणजे पोच आली, पैसे गेले, घरी जागा करून ठेवली, तरी कायद्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नाही!

येथे करार कायद्याच्या आठव्या कलमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ग्राहकांच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. प्रस्तावाबरोबर देऊ केलेला मोबदला स्वीकारणे म्हणजेच तो प्रस्ताव स्वीकारणे होय, असे हे कलम सांगते. मागणी नोंदविताना ग्राहक पूर्ण रक्कम भरतो. विक्रेता ती घेतो, आपल्याकडे किंवा आपल्या वतीने काम करणाऱ्या संस्थेकडे ठेवतो. मग प्रस्ताव स्वीकारला नाही, असे त्याने कोणत्या तोंडाने म्हणावे? विक्रेता यावर उत्तर देईल, की अटींत स्पष्ट लिहिले होते आणि ग्राहकाने त्या मान्य केल्या होत्या. न्यायालय कोणाच्या बाजूने झुकेल हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहील. माल दारात आल्यावर रोख रक्कम देणाऱ्याच्या बाबतीत तर हा युक्तिवाद चालणारच नाही. परंतु ज्याचे पैसे आधीच गेले आहेत त्याची बाजू समजली जाते तेवढी लंगडी नाही.

आणि येथे कायद्यापेक्षाही आपल्या बाजारपेठेची जुनी रीत अधिक बोलकी आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे चाचपून भाव ठरतो आणि इसाराचे चार पैसे एकदा हाती पडले, की विकणारा माघार घेत नाही. घेतलीच तर चार माणसांत त्याची पत जाते. घरजमिनीच्या व्यवहारात इसारपावतीचे वजन काय असते, हे कोणाही मध्यमवर्गीयाला सांगावयास नको. इसार हा मोबदल्याचा एक अंश असतो, आणि तेवढ्याने सौदा बांधला जातो. आजचा विक्रेता अंश घेत नाही, आख्खी रक्कम घेतो, आणि सौदा मात्र झालेलाच नाही असे म्हणतो. अशिक्षित म्हणून ज्यांना आपण हिणवितो त्या बाजारांत हे चालले नसते.

चुकीसंबंधी कायदा काय म्हणतो? दोन्ही पक्ष एखाद्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत चुकले असतील तर करार निरर्थक ठरतो, असे विसावे कलम सांगते. पण बाविसावे कलम लगेच बजावते, की केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार निरर्थक होत नाही, हेही पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. कायद्याच्या शब्दावर बोट ठेवले तर ‘आमची चूक झाली’ एवढे म्हणून विक्रेत्याची सुटका होऊ नये.

झडप घालणाऱ्याचा हक्क

तथापि ग्राहकाचा कैवार घेताना एका मर्यादेचे भान राखले पाहिजे. दुसऱ्याची चूक उघड दिसत असताना तिचा फायदा उपटणाऱ्याला न्यायालयांनी फारसे संरक्षण दिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. १९३९ मध्ये लंडनच्या न्यायालयात अर्जेंटिनातील सशांच्या ३० हजार कातड्यांचा एक खटला चालला. व्यापाराच्या रिवाजाप्रमाणे भाव नगावर ठरावयाचा; विक्रेत्याने चुकून तो पौंडावर सांगितला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे माल एक-तृतीयांश किमतीत जात होता. खरेदीदार त्याच धंद्यातला. त्याला ही चूक कळली नसणे शक्यच नव्हते, असे म्हणून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

सिंगापूरचे प्रकरण तर याहून मासलेवाईक. जानेवारी २००३ मध्ये तेथील डिजिलँडमॉल या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरांचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरांना दिसू लागला. मध्यरात्रीनंतर ही वार्ता मित्रामित्रांत पसरली आणि सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागविले. सहा माणसांना सोळाशे प्रिंटर कशासाठी हवे होते, हे विचारावयास अर्थशास्त्रज्ञ नको! त्यांच्यात वकीलही होते. करार झाला होता हे न्यायालयाने मान्य केले. पण चूक ठाऊक असून किंवा तसा दाट संशय असून केलेला हा करार निरर्थक ठरविला, आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

विक्रेता म्हणजे दर वेळी बलाढ्य कंपनीच असते असेही नाही. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी इंग्लंडमध्ये ॲमेझॉनवर विक्री करणाऱ्या शेकडो लहान व्यापाऱ्यांच्या मालाची किंमत एकाएकी एक पेनी झाली. प्रतिस्पर्ध्यांचे भाव पाहून आपले भाव आपोआप बदलणारी एक संगणकप्रणाली ते वापरीत, तिच्यात हा बिघाड झाला होता. तासाभरात मागण्यांचा पाऊस पडला. बहुतेक मागण्या रद्द झाल्या, पण काही माल गोदामातून निघून गेला आणि नाताळच्या तोंडावर काही घरगुती व्यावसायिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. ज्यांनी एक पेनीला खेळणी उचलली त्यांनी कंपनीला धडा शिकविला नव्हता. एखाद्या कुटुंबाचे भांडवल उचलले होते. प्रत्येक चुकीची किंमत विक्रेत्याने अक्षरशः पाळलीच पाहिजे, असा सरसकट आग्रह म्हणूनच मला मान्य नाही.

यातून मार्ग काढण्याची जर्मन रीत विचार करण्याजोगी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर जानेवारी २००५ मध्ये आलेल्या प्रकरणात २,६५० युरोंचा लॅपटॉप संगणकातील बिघाडामुळे २४५ युरोंना विकला गेला होता, आणि घरपोच पोहोचलाही होता. विक्रेत्याला तो करार मोडण्याची मुभा न्यायालयाने दिली. परंतु जर्मन कायद्यात अशा मुभेला एक शेपूट जोडलेले आहे: चूक करणाऱ्याने करार मोडला, तर त्या करारावर विसंबून राहिल्यामुळे समोरच्याचे जे नुकसान झाले ते त्याने भरून द्यावे. अपवाद एकच, समोरच्याला ती चूक ठाऊक होती किंवा ठाऊक असावयास हवी होती. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने विमानभाड्यांतील चुकांच्या बाबतीत मे २०१५ मध्ये असेच धोरण जाहीर केले. विमानकंपनीने चूक सिद्ध करावी, तिकिटाचे पैसे परत करावेत, आणि त्या तिकिटाच्या भरवशावर प्रवाशाने केलेला वाजवी खर्चही द्यावा. चुकीला क्षमा आहे, पण ती फुकट नाही.

फुकटची मुभा

आपल्याकडे ती फुकट आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने सगळा अनर्थ येथे आहे. ठराविक भावाने माल घेण्याचा किंवा न घेण्याचा हक्क राखून ठेवणे, यालाही बाजारात किंमत असते. आपल्याकडील जुने तेजी-मंदीचे सौदे असोत किंवा आजच्या शेअरबाजारातील ऑप्शन असोत, हा हक्क हवा असेल तर आधी रक्कम मोजावी लागते. ऑनलाइन विक्रेत्याला तो एक छदामही न मोजता मिळतो. ग्राहकाची रक्कम अडकलेली आहे. विक्रेता मात्र माल रवाना करीपर्यंत मोकळा आहे. पुरवठा महागला, मालाचा तुटवडा पडला, सवलत अपेक्षेपेक्षा अधिक जणांनी उचलली, तर ‘किंमत चुकली होती’ एवढे म्हणावे, की झाले. ती खरोखर चुकली होती काय, हे तपासण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नाही. शिवाय त्या भावाला किती मागणी आहे, हे विक्रेत्याला या निमित्ताने विनामूल्य कळते. मागणीचा वक्र फळ्यावर काढताना आम्ही शिक्षक तो गृहीत धरतो. येथे तो आयता हाती पडतो. सर्वच विक्रेते असे करतात असा आरोप मी करीत नाही. ज्या रचनेत असे करणे फुकट आहे, त्या रचनेत ते कधीतरी घडणारच, एवढेच म्हणणे आहे.

अनेक जण अडकलेल्या पैशांवरील व्याजाचा मुद्दा काढतात. तो मुद्दा दिसतो तेवढा मोठा नाही. समजा, एक लाख ग्राहकांचे प्रत्येकी दोन हजार रुपये सात दिवस अडकून राहिले. एकूण रक्कम २० कोटी. सहा टक्के दराने तिचे सात दिवसांचे व्याज सव्वादोन लाखांच्या थोडे वर जाते, म्हणजे माणशी सव्वादोन रुपये. ग्राहकाचे खरे नुकसान अन्यत्र आहे. तो चोवीस हजारांचे कपडे धुण्याचे यंत्र पुन्हा घेऊ. त्याची एरवीची किंमत ३० हजार. त्याच आठवड्यात दुसरा विक्रेता तेच यंत्र २५,५०० ला देत होता. ग्राहकाने पहिल्यावर भरवसा ठेवला आणि दुसऱ्याला सोडले. चौथ्या दिवशी मागणी रद्द झाली तेव्हा सगळीकडचा सणाचा भाव संपला होता; आता यंत्र ३० हजारांनाच मिळते. वचन पाळले गेले असते तर त्याचे सहा हजार वाचले असते; वचन दिलेच गेले नसते तर साडेचार हजार वाचले असते. पहिली रक्कम मागणे कदाचित अधिक होईल. परंतु दुसरी, म्हणजे साडेचार हजारांची, हे विसंबून राहिल्याचे निव्वळ नुकसान आहे, आणि जर्मन कायदा जे भरून देववितो ते नेमके हेच. आपल्या ग्राहकाला यातले काय मिळते? मूळ चोवीस हजार आणि दिलगिरीचे पत्र. महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून सणाची वाट पाहणाऱ्या घरात साडेचार हजार ही रक्कम लहान नसते.

विक्रेते म्हणतात, की इतका कमी भाव पाहून ग्राहकालाच शंका यावयास हवी होती. हा युक्तिवाद करण्याचा अधिकार त्यांनी आपल्याच हाताने घालविला आहे. ऐंशी टक्के सूट, नव्वद टक्के सूट, मध्यरात्रीची विक्री, दहा मिनिटांची विक्री, असा नगारा बारा महिने पिटला जातो. शाओमी कंपनीने २०१६ च्या दिवाळीत एक रुपयात फोन देण्याची योजना जाहिरातीसह राबविली होती. एक रुपयात फोन खरा, पण ६० टक्के सुटीतील यंत्र मात्र उघड चूक, हे ग्राहकाने कोणत्या पंचांगात पाहावे? फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी आपली पहिली मोठी विक्री केली, तेव्हा मागण्या रद्द होण्याच्या आणि भाव बदलण्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांना ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. किंमत पाहून वस्तूच्या मोलाचा अंदाज बांधण्याची जी सवय शतकभराच्या ‘एकच भाव’ या पाटीने लोकांना लावली होती, ती या सुटींच्या उत्सवाने मोडून काढली आहे. चूक आणि सवलत यांच्यातील फरक पुसून टाकणाऱ्यानेच तो फरक ओळखण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय.

सोळाशे प्रिंटर मागविणारा आणि घरासाठी एक यंत्र घेणारा यांच्यातील भेद करणे अवघड नाही. किती नग मागविले, सूट नेहमीच्या सुटींच्या पट्ट्यात बसत होती काय, विक्रेत्याने स्वतः ती जाहिरातीत मिरविली होती काय, रद्द करण्यास त्याने किती वेळ घेतला, एवढ्या गोष्टी पाहिल्या तरी पुरे. दोन तासांत रद्द केलेली मागणी आणि चार दिवसांनी, विक्री संपल्यावर रद्द केलेली मागणी यांना एकाच मापाने मोजता कामा नये.

नियम आहेत, पण

आपल्याकडे नियमच नाहीत अशातला भाग नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अंमलात आला आणि त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियमही जारी झाले. त्यांतील चौथ्या नियमात म्हटले आहे, की विक्री-मंच स्वतः एकतर्फी मागणी रद्द करताना जेवढा आकार सोसत असेल, तेवढाच तो ग्राहकाकडून रद्द करण्यापोटी घेऊ शकेल. वाचताना हे मोठे न्याय्य वाटते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच होतो, की ग्राहकाला फुकट रद्द करू दिले की आपणही फुकट रद्द करावयास मोकळे. ग्राहकाने माल निघण्यापूर्वी मागणी रद्द केली तर विक्रेत्याचे जवळजवळ काहीच जात नाही, त्याच्याकडे दुसरे गिऱ्हाईक असतेच. विक्रेत्याने रद्द केली तर ग्राहकाचा सणाचा भाव कायमचा जातो. असमानांना समान लेखणारा हा नियम दुबळ्याच्या वाट्याला काहीच ठेवीत नाही.

प्रत्यक्षात सवलतीच्या भावाने विकण्याचा हेतू नसताना तशी जाहिरात करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे कायदा सांगतो. आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींसंबंधी जून २०२२ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी मोडण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट ‘अनुचित करार’ या व्याख्येत स्पष्टपणे येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये घरबांधणीच्या एका प्रकरणात, ग्राहकाकडून उशिराबद्दल १८ टक्के व्याज घेणाऱ्या आणि स्वतःच्या उशिराबद्दल ९ टक्के देणाऱ्या बिल्डरच्या एकतर्फी अटी अनुचित ठरविल्या. मग ‘माल रवाना होईपर्यंत आम्ही बांधलेले नाही’ ही अट वेगळी कशी? पण गोम अशी, की अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही; रक्कम कितीही लहान असली तरी त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. साडेचार हजारांसाठी हे कोण करणार?

म्हणून सध्या तरी व्यवहार्य वाट जिल्हा आयोगाची. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या शब्दांत मांडावी. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यापूर्वी विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. त्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण द्यावयाचे, असे नियम सांगतात. १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक सेवाही मध्यस्थी करते. यासाठी मागणी नोंदवितानाच्या पडद्याचे चित्र, पोचेचे पत्र, रद्द केल्याचा निरोप, आणि त्या दिवशी इतरत्र त्याच वस्तूचा भाव काय होता याचा पुरावा जपून ठेवावा. हा शेवटचा पुरावा बहुतेक जण ठेवीत नाहीत, आणि नुकसानीचा आकडा तर त्यावाचून सिद्धच होत नाही.

तरीही ओडिशातील विद्यार्थ्याला मागणीपासून राज्य आयोगाच्या आदेशापर्यंत सहा वर्षे लागली, हे विसरता येत नाही. एकट्यादुकट्याने लढण्याचा हा प्रकारच नव्हे. किंमत चुकली असेल तर ती एकाच्याच नव्हे, शेकडो ग्राहकांच्या बाबतीत एकाच क्षणी चुकलेली असते. समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना एकत्रित तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही ती करता येते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, ती एकत्र येऊन खरेदी करण्याच्या कल्पनेवर. एकत्र येऊन तक्रार करणे ही तिचीच पुढची पायरी होय. आपल्या राज्यात तरी त्यासाठी नवी परंपरा निर्माण करावी लागणार नाही.

नियमांत दोन दुरुस्त्या मात्र व्हावयास हव्यात. किमतीच्या चुकीचे कारण देऊन मागणी रद्द करणाऱ्याने ती चूक कशी झाली हे लेखी सांगावे आणि, ग्राहकाला ती ठाऊक नसेल तर, विसंबून राहिल्याचे नुकसान एका ठराविक मर्यादेपर्यंत आपणहून भरून द्यावे. दुसरी दुरुस्ती याहून सोपी आहे. करार माल रवाना होताना होत असेल, तर पैसेही तेव्हाच घ्यावेत. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. नव्या शेअरविक्रीत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की त्याची रक्कम त्याच्याच खात्यात राखून ठेवली जाते, तीवर व्याज मिळत राहते, आणि शेअर मिळाले तरच ती खात्यातून वळती होते. २००८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत जानेवारी २०१६ पासून सर्व अर्जदारांना सक्तीची आहे. अशीच रक्कम राखून ठेवण्याची सोय यूपीआयवर देण्याचे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा तिने ई-व्यापाराचाही उल्लेख केला होता. यंत्रणा तयार आहे. ई-व्यापाराच्या चौथ्या नियमात एका ओळीची भर घालण्याचे काम तेवढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे उरते.